इंदूचा उजवा हात

यज्ञेश्वरभट नदीकाठच्या शिंदे घाटावर पौरोहित्य करीत. त्यांची मुलगी इंदू प्राथमिक शाळेत शिकवायची. आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. १९७४ साली पुराचं पाणी ओसरलं तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर गाळ साचला होता. कळशी घेऊन उतरताना इंदूचा पाय सरकला आणि ती उजव्या खांद्यावर आपटली. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं.

इस्पितळात डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "बहुतेकांचं हे हाड हात झोळीत बांधून ठेवला की आपोआप जुळतं," ते म्हणाले. "पण हिच्या हाडाचं टोक आतून कातडीला टोचतंय, बोटांनाही मुंग्या आहेत. ऑपरेशन करून हाडावर धातूची पट्टी बसवावी लागेल. उशीर करू नका."

यज्ञेश्वरभटांचा धाकटा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला होता. ते तिला घेऊन सरळ घरी आले.

"मागच्या गल्लीतला पहिलवान हाडं बसवतो. कापाकापी नको, बेटा."

"अण्णा, डॉक्टर उशीर नको म्हणालेत."

"तूही गेलीस तर मी कुणाकडे पाहू?"

इंदू त्यांच्यामागून मागच्या गल्लीत गेली.

पहिलवानाने सरसूचं म्हणजे मोहरीचं तेल चोळलं, गुडघा पाठीला लावून दोन्ही खांदे मागे ओढले आणि कापड करकचून बांधलं. इंदूने पदर दातांत धरला होता. त्या दिवसापासून बोटं बधिर झाली. पुढे कातडी फुटली, पू झाला, ताप चढला. शेवटी यज्ञेश्वरभटांनीच तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

ऑपरेशन झालं. ती वाचली, कित्येक महिन्यांनी हाडही जुळलं. पण बोटं मिटेनात. "नस फार दिवस दबून राहिली," डॉक्टर म्हणाले.

इंदू डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकली. अक्षर वाकडं यायचं, मुलं हसायची. रोज सकाळी यज्ञेश्वरभट तिची वेणी घालत. सुरुवातीला त्यांना तीन पेड सांभाळता येत नसत.

एकदा वेणी घालता घालता त्यांचे हात थांबले.

"इंदू, तुझा हात मी घालवला."



"हो, अण्णा," ती म्हणाली. "जरा घट्ट घाला. शाळेत सुटते."

त्यांनी केस मोकळे केले आणि पुन्हा पेड घेतले.