शुभाचं नाव बदलेना

माझ्याबरोबर शिकवणारी शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मालकांना जाऊन सांगितलं. ते "बहुत बुरा हुआ" म्हणाले आणि लगेच, नव्या शाखेच्या उद्घाटनाआधी सगळ्या धड्यांतून तिचं नाव काढून टाक, असंही म्हणाले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, हे नुसतं ऐकून होते... त्या दिवशी पाहिलं.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे ते सगळे धडे शुभाने मयूर विहारच्या घरी बसून लिहिलेले. त्या भाषेत माहिती ठेवायचे दोन प्रकार, लिस्ट आणि टपल. टपल शिकवताना ती पोरांना आधी घरचा पत्ता विचारायची: सेक्टर, ब्लॉक, फ्लॅट. लिस्ट म्हणजे किराण्याची यादी, हवं ते बदला. टपल म्हणजे पत्ता, घर बदललं तर नवा लिहा, जुन्यात खाडाखोड चालणार नाही. तरी कुणीतरी बदलायला जायचंच. पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली की शुभा म्हणायची, "पहले ज़ोर से पढ़ो, फिर रोना." ती आजारी पडली तेव्हा याच मालकांनी "आराम करो" म्हणत तिचे वर्ग काढून घेतले. ती मला ते हसत सांगायची. मला काही हसू आलं नाही.

नाव मी काढलं, एक टपलचा धडा सोडून. उद्घाटनाला काचेची नवी इमारत, पालक, मोठा पडदा आणि मिरवायला बोलावलेले शुभाचे जुने विद्यार्थी. मालकांना येत होतं जेमतेम लिस्टपुरतं, पण हौस दांडगी. मी मुद्दाम पुढे ठेवलेला तो धडा त्यांनी चालवला आणि शिक्षकाच्या टपलमध्ये शुभाचं नाव आलं. "पुराना है, अभी बदल देते हैं," म्हणत त्यांनी, लिस्टमध्ये बदलतात तसं, तिच्या जागी स्वतःचं नाव टाइप केलं. लाल अक्षरं आली. मी मागून म्हटलं, "सर, ज़ोर से पढ़िए."

त्यांनी वाचलं. टपलमधलं काही बदलता येत नाही, असं भर सभेत, अडखळत. सगळ्यांत आधी हसली ती शुभाची पोरं. मला आनंद झाला, चांगला पोटभर झाला, आणि तो मी का लपवू? दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली.

आता मी घरीच, जेवणाच्या टेबलावर शिकवते. टपलचा धडा तोच आहे. तो चालवला की शुभाचं नाव येतं, आणि नव्या आलेल्या प्रत्येकाला मी म्हणते, हे बदलून दाखव.