पेन्सिलीची मेहरबानी

“ही बाई कोण?” भाऊसाहेबांनी फोटो माझ्या नाकासमोर धरला.

भाऊसाहेब म्हणजे सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत पासपोर्टचे अर्ज पाहणारे कारकून. मी फोटोग्राफर. शिपाई पाठवून त्यांनी मला स्टुडिओतून बोलावून घेतलं होतं. कलेक्टरसाहेबांचा फोटो काढायचा असेल अशा समजुतीने मी ठेवणीतला कोट चढवून गेलो होतो.

“केमच्या चंद्राबाई,” मी म्हणालो. “नवरा मोंबासाला रेल्वेत फिटर आहे. त्याच्याकडे राहायला जायचा अर्ज आहे.”

“अर्ज त्यांचाच आहे. फोटो कुणाचा?” त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. “मामलेदारांनी बाईला समोर उभं करून लिहिलंय. ओळखीची खूण, तोंडभर देवीचे व्रण. तुमच्या फोटोत एक तरी दाखवा. काय कलावंत, नाव एकीचं आणि रवानगी दुसरीची, असा बेत आहे की काय?”

मला घाम फुटला. आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. एकही व्रण राहिला नव्हता.

आमच्या धंद्यात याला रिटचिंग म्हणतात. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवायची. चेहऱ्यावरचा खड्डा निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे शिसं भरलं की छापताना ती जागा उजळते आणि खड्डा बुजतो. पंचाहत्तरीच्या सावकाराला मी पन्नाशीत आणून बसवलेलं आहे. चंद्राबाईंचे व्रण मी कुणी न सांगता, निव्वळ मेहरबानी म्हणून पुसले होते.

“खोटेपणा नव्हे, भाऊसाहेब. सौजन्य.”

“सरकारला सौजन्य चालत नाही. नवा फोटो आणा. पदर मागे, तोंड समोर, पेन्सिल घरी. एक प्रत मोंबासाला जाईल. तिथल्या अधिकाऱ्यासमोर नवऱ्याने फोटोच्या पाठीवर सही करायची, की ही माझीच बायको. मग परवाना.”

पोलीस चौकशी, पाटलाचा दाखला, हे सगळं होऊन अर्जाला वर्ष होत आलं होतं. माझ्या मेहरबानीने तो परत पहिल्या पायरीवर आला.

मी केमला कार्ड टाकलं. चंद्राबाई आणि त्यांचे सासरे तात्या गाडीने आले. मी कचेरीतला सगळा प्रवेश त्यांना करून दाखवला. भाऊसाहेबांचा चष्मा, त्यांचा आवाज, माझा घाम. चंद्राबाई पदराआड हसत होत्या. “एक प्रत मोंबासाला जाईल” या वाक्याशी आलो आणि त्यांचं हसू थांबलं. तात्या जमिनीकडे पाहू लागले.

मग कळलं. नवऱ्याला, गणपतला, मोंबासाला जाऊन चार वर्षं झाली होती. तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी हिला देवी आल्या. पत्रं तात्या शाळामास्तरांकडून लिहून घेत. पीकपाणी, म्हैस, सगळं जाई. एवढी गोष्ट गेली नव्हती.

“परमुलखात पोराच्या जिवाला घोर कशाला,” तात्या म्हणाले. मग माझ्याकडे सरकून, हळू आवाजात, “थोडं ऱ्हाऊ द्या, थोडं पुसा की. सरकारचं बी भागंल, आमचं बी.”

मी विचारात पडलो. पेन्सिलीला ते अवघड नव्हतं.

“न्हाई मामंजी,” चंद्राबाई म्हणाल्या. “हितनंच दिसू द्या. बोटीतनं उतरल्यावर त्येंनी तोंड फिरवलं, तर मी तितनं कुटं जाऊ?”

त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर स्वतःच्या हाताने मागे केला. कॅमेऱ्याचं झाकण काढून मी आकडे मोजून संपवेपर्यंत त्यांची पापणी हलली नाही. उठताना मागच्या रंगवलेल्या पडद्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यावर समुद्र आणि शिडाची बोट होती.

“समिंदर असाच असतो का?”

“मी तरी कुठे पाहिलाय? मोठ्यात मोठं पाणी बघितलं ते सिद्धेश्वराच्या तळ्याचं.”

फोटो गेला. बोटीने जायचा, बोटीने यायचा. दर पंधरा दिवसांनी तात्या सुनेला घेऊन स्टुडिओत येत आणि मी कचेरीत जाई.

“तुमची ही कोण लागते?” भाऊसाहेबांनी एकदा विचारलं.

“गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाइकासाठी एवढ्या खेपा?”

“चूक माझी आहे.”

त्यावर ते “अजून नाही,” एवढंच म्हणाले.

परत येऊन मी त्यांना हसवायला बघे. पहिले दोन महिने नकला पुरल्या, मग संपल्या. माझ्या आयुष्यात असं प्रथमच घडत होतं.

“चार वर्सं दिस मोजले न्हाईत,” चंद्राबाई एकदा म्हणाल्या. “आता मोजतीया. रोज सांजच्याला मुंबईची मेल आमच्या हितनं जाती. थांबत न्हाई. तरी मी दारात जाऊन हुबी ऱ्हाते.”

सहाव्या महिन्यात शिपाई पुन्हा आला. भाऊसाहेबांनी फोटो उपडा करून माझ्यापुढे ठेवला. वर शिक्का होता, खाली गणपतची सही. दोहोंच्या मध्ये पेन्सिलीने मोडीतल्या वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ होती.

“नुसती सही मागितली होती,” भाऊसाहेब म्हणाले. “नियमाबाहेरचा मजकूर आहे. पण मला चष्म्याशिवाय दिसलेला नाही.”

ओळ अशी होती : हीच. लवकर पाठवावी.

फोटो फाइलीत राहायचा होता. मी ओळ पाठ करून आलो आणि स्टुडिओत तात्यांसमोर म्हणून दाखवली. चंद्राबाईंनी ती तीनदा म्हणायला लावली. मग म्हणाल्या, “लिहून द्या की कागदावर.” लिहून दिली. “ह्यातलं ‘हीच’ कंचं?” मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

महिनाभरात परवाना आला, आणि त्या मोंबासाला गेल्या.

रिटचिंग मी सोडलेलं नाही. लोकांची लग्नं जमायची असतात. पण आता पेन्सिल उचलण्याआधी विचारतो, फोटो कुणाकडे जाणार. सरकारकडे जाणार असेल तर हात लावत नाही. नवऱ्याकडे जाणार असेल तर आधी बाईंना विचारतो.