राबाच्या राखेतले ठसे
काही वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका सकाळी, दहिवलीजवळच्या आमच्या शेतात राबाच्या ढिगात रानमांजराची तीन पिल्लं सापडली. भाताची रोपं टाकायची जागा आम्ही शेण आणि पालापाचोळा जाळून भाजतो, तोच राब. त्या धुराचा वास आला की ती सकाळ आठवते. काकूंनी पिल्लं अलगद टोपलीत उचलली. “बिबट्याची हायत गं. आय शोधत आली म्हंजे?” शेजारीण म्हणाली. “येऊ दे. तुझ्याच ओटीवर ठेवते,” काकू म्हणाल्या. पिल्लं बाहेर काढली म्हणून मी राब पेटवला. दुपारी वनरक्षक आला. “ही रानमांजराची हायत. उचलायची नाय. पिल्लं होती त्याच जागी आय परत येते. जागा कुठली?” काकूंनी राखेकडे बोट दाखवलं. संध्याकाळी राख निवल्यावर टोपली तिच्या कडेला ठेवून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत मांजरीच्या पंजांचे ठसे होते. ते राखेच्या मधोमध गेले होते, तिथेच बराच वेळ घुटमळून ओढ्याकडे परतले होते. टोपलीच्या बाजूला एकही ठसा नव्हता. टोपलीत दोन पिल्लं हलत होती, तिसरं हलत नव्हतं.