फॉर्मलिनच्या बाटलीतलं काळीज

आधीच सांगून टाकते, मी भूतबित मानत नाही. आमचं भुसावळचं बौद्ध कुटुंब, आबा रेल्वेत. घरात नवस नाही, गंडादोरा नाही, दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. असले अनुभव वाचून मी वर्षानुवर्षं हसत आलेय. तेव्हा माझ्यावर हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

१९८८ सालची गोष्ट. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी जळगावच्या एका कॉलेजात तिथल्या एका सरांच्या प्रोजेक्टवर लागले होते. रोज भुसावळहून पॅसेंजरने अप-डाऊन. प्रोजेक्टवर सोबत मंगला, शिंदखेड्याकडची, जळगावातच राहणारी, माझी जिवाभावाची मैत्रीण. मेहरूण तलावातले, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारे तरंगते जीव मोजायचे, हे आमचं काम. दर महिन्याला बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढायची, अडकेल ते बाटलीत भरायचं, वर फॉर्मलिन टाकायचं. फॉर्मलिन पडलं की सगळे मरतात.

मोजणीची रीत ठरलेली. एकीने मायक्रोस्कोपला डोळा लावून सांगायचं, दुसरीने वहीत लिहायचं. डोळा दुखला की अदलाबदल. पुढे कॉलेजात लेक्चररची एकच जागा निघणार होती आणि सर आमच्यापैकी एकीचंच नाव सुचवणार होते. दोघींना ते माहीत होतं. "तूच लाग, मी तुझ्या डब्यावर जगेन," असं मंगला म्हणायची.

मे महिना, दुपारचे दोन. बाहेर चिटपाखरू नाही. डिसेंबरची बाटली काढली होती, म्हणजे पाच महिने फॉर्मलिनमध्ये पडलेली. बूच काढल्यावर वासाने दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. फॉर्मलिन कमी पडलं असेल म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतेय. मंगला बघत होती, मी लिहीत होते. डॅफ्निया नावाचा जीव मोजत होतो... तिळाहून लहान, काचेसारखा आरपार. जिवंत असेल तर आत त्याचं काळीज उडताना दिसतं.

"सहा... सात... आठ..." आणि मंगला थांबली.

"माय वं," ती हळूच म्हणाली, "हाई तं जित्तं शे."

कॉलेजात ती अहिराणीचा शब्द काढत नसे, लाज वाटायची तिला. म्हणून मी चमकले. सवयीने लिहिलं मात्र — 'आठवा, जिवंत, हृदय चालू.' मग तिला बाजूला करून मी डोळा लावला.

आठवाच नाही, काचेवरचे सगळे. बाकी अंग निपचित, मेलेलंच. फक्त काळजं चालू होती, आणि सगळी एकाच ठेक्यात... मी "लिही, लिही" म्हणत राहिले. पाच-सात मिनिटांनी सगळी एकदम थांबली. वळून बघते तर मंगला पेन धरून नुसती उभी. तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मी खुळी. दुसऱ्या दिवशी वही घेऊन थेट सरांकडे गेले. मंगलाही सोबत आली.

"कोणी पाहिलं हे?" सरांनी विचारलं.

"दोघींनी, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला नाही काही दिसलं सर. ही अप-डाऊनने दमते... त्यात हे ऊन."

"अगं, आधी तूच म्हणालीस. वहीत आहे."

सरांनी वही माझ्याकडे सरकवली. "हे अक्षर कोणाचं?"

माझंच होतं. तिने पाहिलेलं मी लिहिलं होतं आणि मी पाहिलेलं तिने लिहिलंच नव्हतं. "शिकल्यासवरल्या मुली तुम्ही, आणि असल्या अंधश्रद्धा?" सर म्हणाले. आमच्या घरातल्या मुलीला हे ऐकून घ्यावं लागलं.

नाव मंगलाचं गेलं, जागा तिला मिळाली. पुढे ती बदली होऊन धुळ्याला गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे. मी शाळेत शिक्षिका झाले. नोकरीचं दुःख एकवेळ पचलं, पण मी स्वतःवरच संशय घेऊ लागले. दोनदा डोळे तपासून घेतले. पेपर तपासताना एकेक बेरीज तीनतीनदा करायची. कुलूप लावलं का, हे नवऱ्याला विचारायची. मायक्रोस्कोपला तर पुन्हा डोळा लावलाच नाही.

पंच्याण्णव साली कुणाच्या तरी लग्नाला मंगला भुसावळला आली आणि माझ्या दारात उभी राहिली. घर पाहिलं, मुलांची चौकशी केली. मी चहाचं आधण ठेवलं, तर मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"मी पाहिलं होतं गं," ती म्हणाली. "सगळं दिसलं होतं मला."

"मग?"

"खरं बोलले असते तर दोघीही वेड्यात निघालो असतो. म्हटलं, एकीची तरी नोकरी होऊ दे."

एकीची म्हणजे तिची.

पाच महिने मेलेल्या जिवांची काळजं कशी चालली, कशी थांबली, हे मला आजही सांगता येत नाही. जाणकारांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. ते नाही कळलं तरी चालेल. पण सात वर्षं मी स्वतःला खुळी समजत जगले, आणि मी खुळी नाही हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. ती धुळ्यात गप्प बसून होती.

पाणी उकळत होतं. मी त्यात चहा टाकला नाही.

"तुझी गाडी चुकेल," एवढंच म्हणाले.