होडीच्या झाकणाची टिचबटणं

नातीच्या फ्रॉकचं टिचबटण लावताना सुरतेतलं आमचं अंगण आठवलं. हे पाटबंधारे खात्यात होते. तापीकाठच्या खात्याच्या ॲल्युमिनियमच्या होडीला कॅनव्हासचं झाकण होतं, त्याची टिचबटणं गंजली होती आणि कापडाचा काठ फाटला होता. ह्यांनी झाकण घरी आणलं, भागळच्या बाजारातून काठाला लावायला कॅनव्हासची कोरी पट्टी आणली आणि म्हणाले, "तू शिव, बटणं मी ठोकतो." मी पट्टी आधी बादलीत बुडवली. खळीने पाणी दुधासारखं झालं. हे वैतागले, "आभाळ भरलंय, साहेबांना उद्याच झाकण हवंय." मी म्हटलं, "कोरी पट्टी पावसात आटली, तर बटणं होडीच्या काठापर्यंत पोचायची नाहीत. पाण्यातून काढल्याशिवाय मी सुई लावणार नाही." सकाळी ओलसर पट्टीवर इस्त्री फिरवून ती वाळवली, मग शिवली. ह्यांनी बटणं ठोकली. त्याच आठवड्यात धो धो पाऊस झाला. हे भिजून घरी आले. "झाकण?" मी विचारलं. "सगळी बटणं लागली," एवढंच म्हणाले, आणि शर्टाचं नवं कापड पुढे ठेवलं. "शिंप्याकडे टाकायचंय. आधी पाण्यातून काढ." आता सून म्हणते, हल्लीचं कापड आटत नाही. नसेल आटत. मी बादली भरतेच.