मी गेलो की खेळा

केसरीनाथ माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादूस म्हणायचो. माणूस दिलदार, कुणाच्या अडीनडीला पहिला धावणारा. पण जमीन विकताना त्याचा हात कधी अडखळला नाही. आमच्या वळ गावातली शेतं एकेक करून गोदामांना गेली. बंगला झाला, गाडी आली, त्याची बायको, आमची कमळावयनी, सोन्याने मढली. शेवटी भाताचं खळंही गेलं, जिथे गावची पोरं क्रिकेट खेळायची.

मग पोरं रस्त्यावर खेळायला लागली. खेळणार कुठे, आभाळात? एका दुपारी गोदामाचा कंटेनर मागे घेताना ड्रायव्हरला पोर दिसलं नाही. तो कुणाल होता, दादूसचा एकुलता एक, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेला.

घरामागे एक तुकडा उरला होता, तो मात्र दादूसने विकला नाही. दलाल चकरा मारून दमले. त्याने तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप ठोकलं आणि मृत्युपत्र केलं. त्यात लिहिलं, माझ्यानंतर ही जागा गावच्या क्रीडा मंडळाला, पोरांना खेळायला. विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. गावात वाहवा झाली. माझं टाळकं फिरलं. सासरहून, कशेळीहून, तडक आले.

"दादूस, पोरं आज रस्त्यावर खेळतात. द्यायची तर आज दे. मरायची कसली वाट बघतोस?"

तो कुंपणाकडे बघत म्हणाला, "खळं मीच विकलं ना, ठकू. आता पोरांचा खेळायचा आवाज मला सहन व्हत न्हाय. मी गेलो की खेळू दे त्यांना."

मी एवढी फटकळ बाई, पण तशीच कशेळीला परत गेले. रोज संध्याकाळी, पोरांच्या खेळायच्या वेळेला, तो स्कूटर काढायचा आणि दिघाशी गावाच्या बाजूला निघून जायचा. अंधार पडला की परत. वयनी घरातच असायची.

यंदा दादूस गेला, झोपेतच. तेरावं झालं आणि पोरं फाटकाशी आली, बॅट पाठीमागे लपवून. जागा त्यांचीच होती, वकिलाने वाचून दाखवलं होतं. मला गेलेल्या भावाचा राग आला. स्वतःच्या कानांची सोय केलीस बाबा, बायकोचं काय? तिला तर इथेच राहायचंय, भिंतीला लागून.

"वर्ष सरू द्या रे," मी पोरांना म्हणाले.

तेवढ्यात वयनी किल्ली घेऊन आली. कुलूप काढलं, घरात गेली आणि खिडक्या लावून घेतल्या.

थोड्या वेळाने बाहेर नुसता कल्ला सुरू झाला. मी आत गेले तर वयनी पलंगावर बसलेली, दोन्ही हात कानांवर, डोळ्यांना धार लागलेली. मी पदर खोचला. "थांब वयनी, हाकलते एकेकाला."

तिने माझा हात घट्ट धरला.

"नको, ठकुबाई. वरडू दे त्यांना. त्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. बाहेर असाच आरडाओरडा चालला होता, आणि एकदम बंद झाला. मी म्हटलं, बरं झालं बाई, जरा शांत झालं."