चित्रांत सोडवलेला पेपर

मुलांनो, तुम्हाला पाठवायचं पार्सल भरताना त्यातल्या एका स्केचपेनचं टोपण निघालं आणि त्या वासानं मी नव्वदच्या दशकात शिकवत असलेल्या पाचवीच्या वर्गात पोहोचले. सातपूरच्या एका कामगाराच्या मुलीला तिथं अक्षरं लागायचीच नाहीत. डिस्लेक्सिया हा शब्द शाळेत कुणाला ठाऊक नव्हता. नापास झाली तर वडील तिला घरी बसवणार होते, म्हणून मी तिला सगळे धडे चित्रांतून शिकवले. वार्षिक परीक्षेत ‘झाड अन्न कसं तयार करतं?’ या प्रश्नाला तिनं द्राक्षवेल काढली: मुळांतून चढणारं निळं पाणी, पानांवर पिवळं ऊन. मी पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापिकाबाईंनी पेपर टेबलावर आपटला. "हा पेपर आहे की रांगोळी? शून्य द्या." "चूक दाखवा, देते," मी म्हणाले आणि मुलीला बोलावलं. चित्रावर बोट फिरवत तिनं न अडखळता सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "मोठ्या बाई, समजलं ना?" "नियम म्हणजे नियम," बाई म्हणाल्या. "मग मला मेमो द्या. गुण बदलणार नाहीत." मेमो मिळाला, मुलगी सहावीत गेली. माझ्या फायलीत तो मेमो आजही सगळ्या प्रशस्तिपत्रकांच्या वर लावलेला आहे.